रंगाचा शेजार

१

नाशिक जिल्ह्यातील येवले हे गाव पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. पैठणीला नाव मिळाले ते गोदावरीकाठच्या पैठणावरून. परंतु तिचे माग येवल्यातही पुष्कळ चालतात. येथील एका विणकराच्या घरी पुढच्या खोलीत माग होता आणि मागच्या खोलीत चूल. घरातील मुलगी सातवीत शिकत होती. शाळेतून आल्यावर आईशेजारी बसून रेशमाच्या लडी उलगडावयाच्या आणि लहान लहान कांड्या भरावयाच्या, हे तिचे रोजचे काम. रंगांची नावे ती पाटीवर अक्षरे गिरविण्यापूर्वीच शिकली होती.

शाळेचे वार्षिक चित्रप्रदर्शन तीन आठवड्यांवर आले होते. चित्रकलेच्या बाईंनी एके दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिला : शेजार.

"दोन वस्तू एकमेकींजवळ ठेवल्या, म्हणजे त्या नुसत्या दोन वस्तू राहत नाहीत," बाई म्हणाल्या. "देवळापुढची दीपमाळ दुरून पाहिली, तर ती किती उंच आहे हे नीटसे कळत नाही. तिच्या पायथ्याशी एखादे लहान मूल येऊन उभे राहिले, की दीपमाळेची उंची आणि मुलाचे लहानपण दोन्ही एकदम ध्यानात येतात. एकटी वस्तू जे सांगत नाही, ते तिचा शेजार सांगतो. असा एखादा शेजार शोधा आणि त्याची कलाकृती करा. अट एवढीच : दोन वस्तू कागदावर आणून बसविल्या, की काम संपले असे समजू नका. शेजारामुळे काय घडले, ते पाहणाऱ्याला दिसले पाहिजे."

वर्गात कुजबुज सुरू झाली. कोणी बैलगाडी आणि आगगाडी काढावयाचे ठरविले, कोणी वठलेले झाड आणि त्याच्या बुंध्याशी उगवलेले रोप. विणकराच्या मुलीने वाडा आणि झोपडी यांचे चित्र योजले. पण तास संपण्यापूर्वीच तिला कळले, की आणखी तिघांनी तेच योजले आहे. ती काहीशी खट्टू होऊन घरी निघाली.

२

घरी तिला दारातच नवखी पायताणे दिसली. ज्या पेढीसाठी तिचे वडील विणीत, त्या पेढीचे शेठजी आत बसले होते. त्यांच्यापुढे दोन पैठण्या उलगडलेल्या होत्या. एक पिवळी, दुसरी गर्द निळी. दोहोंच्या अंगावर जरीची फुले होती आणि प्रत्येक फुलाला हिरव्या रेशमाची दोन पाने होती.

शेठजी म्हणत होते, "मी तुम्हांला हिरव्या रेशमाची एकच लड दिली होती. दोन्ही पैठण्यांना तीच वापरावयाची, असे आपले ठरले होते. दोघी बहिणींचे लग्न एकाच मांडवात. म्हणून गिऱ्हाइकाने पाने अगदी एकसारखी मागितली होती. आता ही पिवळी पाहा. पाने कशी गर्द आहेत! आणि ही निळी पाहा. पाने फिकी, पिवळट. गिऱ्हाइकाने दोन्ही परत केल्या. सांगा, चांगले रेशीम कोठे गेले?"

"दोहोंत तीच लड आहे, शेठजी. माझ्या मागावर दुसरे हिरवे रेशीम आलेच नाही."

"मग माझे डोळे खोटे सांगतात काय?"

विणकर पुढे वाकला. त्याने पिवळ्या पैठणीवरील पान पाहिले, मग निळ्या पैठणीवरील पान पाहिले. पुन्हा एकदा पाहिले. पाने खरोखरच वेगळी दिसत होती. लहानपणापासून रंगांत वाढलेला तो कसबी माणूस. पण त्याच्याने पुढे बोलवेना.

शेठजी वाईट माणूस नव्हते. पैठण्यांची घडी घालताना त्यांचा स्वर खाली आला. "पुढच्या सोमवारी पेढीवर या. तोवर या दोहोंची मजुरी मला थांबवावी लागेल," असे म्हणून ते निघून गेले.

त्या रात्री घरात जेवणे झाली, पण बोलणे झाले नाही. शेवटी आई म्हणाली, "अहो, कांड्या मीच भरल्या आहेत. लड एकच होती. हे पाहा, तिच्यातले उरलेले रेशीम अजून या कांडीवर आहे."

"मला ठाऊक आहे," वडील म्हणाले. "पण माझ्या स्वतःच्या डोळ्यांना पाने वेगळी दिसली, त्याला मी काय करू? शेठजींना खोटे कसे म्हणू?"

मुलीने ती उरलेली कांडी उचलून आपल्या दप्तरात ठेवली.

३

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती बाईंना भेटली. "बाई, न धुता, उन्हात न ठेवता रंग बदलतो का?" तिने विचारले आणि आदल्या दिवशीची सारी हकीकत सांगितली.

बाईंनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी कपाटातून एक करडा कागद काढला आणि त्याचे दोन लहान चौकोन कापले. एक चौकोन काळ्या कागदावर ठेवला, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा चौकोन उजळ दिसू लागला, पांढऱ्यावरचा मळकट. बाईंनी दोन्ही चौकोन उचलून तळहातावर एकाशेजारी एक ठेवले. ते तंतोतंत सारखे होते.

"अगं, आपल्याकडे म्हण आहे ना, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'? वाण म्हणजे रंग. बैलांच्या बाबतीत म्हण खरी असेल. पण रंगांच्या गोठ्यात शेजाऱ्याचा वाणही लागतो. तो शेजाऱ्यासारखा मात्र लागत नाही, त्याच्या उलट लागतो. तुझ्या वडिलांवर आला आहे ना, तसाच प्रसंग दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका मोठ्या विणकारखान्यावर आला होता."

त्या दिवशीच्या तासाला बाईंनी ती हकीकत सगळ्या वर्गाला सांगितली. ती अशी :

पॅरिस येथे गोब्लँ नावाचा विणकारखाना आहे. १६६२ मध्ये चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत तो राजाच्या आश्रयाखाली आला. राजवाड्यांच्या भिंतींवर टांगावयाची प्रचंड चित्रवस्त्रे तेथे विणली जात. या विणीत आडवा धागा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. ज्या रंगाचे जेवढे क्षेत्र, तेवढ्यातच त्या रंगाचा धागा फिरतो आणि मागे वळतो. पैठणीच्या पदरावरील मोर, पोपट आणि वेली याच जातीच्या विणीने साकारतात.

१८२४ मध्ये या कारखान्याच्या रंगशाळेवर मिशेल यूजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. चरबी आणि साबण यांच्या अभ्यासामुळे त्याचे नाव आधीच झाले होते. तो आला, तो तक्रारी वाट पाहतच होत्या. त्यांपैकी एक तक्रार काळ्या रंगाची होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांतील सावली दाखविण्यासाठी वापरलेला काळा धागा दुबळा दिसतो, त्याला खोली नाही, असे सर्वांचे म्हणणे होते. दोष रंगाऱ्यांच्या माथी आला होता.

शेव्रलने घाईने कोणालाही दोषी ठरविले नाही. त्याने इतर नामांकित ठिकाणी रंगविलेली काळी लोकर मागविली आणि ती गोब्लँच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. गोब्लँची लोकर कोणाहून कमी नव्हती. मग त्याने काळा धागा निळ्या रंगाजवळ ठेवून पाहिला, नंतर इतर रंगांजवळ ठेवून पाहिला. धागा तोच, पण शेजार बदलला की त्याचे रूप बदले. रंगाऱ्यांच्या कढईत काही दोष नव्हता. काळ्याला दुबळा करीत होता तो त्याच्या शेजारचा निळा.

शेव्रल तेवढ्यावर थांबला नाही. त्याने अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८३९ मध्ये रंगांच्या या परस्पर विरोधावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने मांडलेला नियम थोडक्यात असा : दोन रंग एकाशेजारी एक पाहिले, म्हणजे ते जितके वेगळे आहेत त्याहून अधिक वेगळे भासतात. उजळ रंगाच्या शेजारी गडद रंग अधिक गडद वाटतो. गडदाच्या शेजारी उजळ अधिक उजळ वाटतो. शिवाय प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची किंचित झाक टाकतो. तांबडा हिरवटपणाची टाकतो, निळा नारिंगीपणाची, पिवळा जांभळेपणाची.

असे का होते? डोळ्याच्या आतील पडद्यावर प्रकाशाचे संवेदन घेणाऱ्या असंख्य पेशी असतात. कोठून किती प्रकाश आला, एवढेच काम ही यंत्रणा करीत नाही. एका जागेचा प्रकाश शेजारच्या जागेहून किती वेगळा आहे, याची तुलना डोळा आणि मेंदू मिळून सतत करीत असतात. वस्तूंच्या कडा ओळखण्यास ही तुलना फार उपयोगी पडते. पण तिच्यामुळे रंगाचे मोजमाप शेजारावर अवलंबून राहते. आकाशातला चंद्र हेच सांगतो. चंद्राचा पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा परत पाठवितो. म्हणजे तो जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे. तरीही रात्रीच्या काळ्या आकाशाच्या शेजारी तो रुप्यासारखा दिसतो.

शेव्रलला दीर्घायुष्य लाभले. १७८६ मध्ये जन्मलेला हा शास्त्रज्ञ १८८९ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी वारला. त्याच वर्षी खुल्या झालेल्या आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञांची व अभियंत्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत त्याचे नाव आहे. चित्रकारांनीही त्याचा ग्रंथ उचलून धरला. जॉर्ज सरा या तरुण चित्रकाराने सीन नदीतील एका बेटावरचा रविवार चितारला, तो शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून. सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असलेले ते चित्र त्याने १८८४ ते १८८६ या काळात पूर्ण केले. जवळून पाहिले तर ठिपके दिसतात. दूर गेले की ठिपके डोळ्यातच एकमेकांत मिसळतात.

येथे विणकराच्या मुलीने हात वर केला. "बाई, धूपछाव पैठणीत तसेच असते. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. धागे इतके बारीक, की दोन रंग वेगळे दिसतच नाहीत, तिसराच दिसतो."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "रंगाचे तुकडे अगदी बारीक असले, तर शेजारी एकमेकांत मिसळतात. तुकडे मोठे असले, तर शेजारी एकमेकांपासून दूर सरतात. तुझ्या वडिलांची पाने दुसऱ्या जातीची आहेत."

मग बाईंनी आणखी एका शिक्षकाची गोष्ट सांगितली. योझेफ आल्बर्स हा जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत प्रथम विद्यार्थी आणि नंतर शिक्षक होता. नाझी राजवटीच्या दडपणामुळे १९३३ मध्ये ती शाळा बंद पडली. त्याच वर्षी आल्बर्स आणि त्याची पत्नी अनी हे दोघे अमेरिकेत गेले आणि उत्तर कॅरोलिनातील ब्लॅक माउंटन महाविद्यालयात शिकवू लागले. अनी आल्बर्स ही स्वतः नामांकित विणकर होती.

आल्बर्स विद्यार्थ्यांना रंग कालवावयास न लावता रंगीत कागद द्यावयाचा. रंग पुन्हा कालविला, तर तो तंतोतंत पहिल्यासारखा होईलच असे नाही. कागद मात्र पुन्हा पुन्हा तोच वापरता येतो. जुनी वेष्टने, छापखान्यातील कातरणे, झाडाची गळलेली पाने, काहीही त्याला चाले. या साहित्याने तो दोन कोडी घाली. एक कोडे असे : एकच रंग दोन ठिकाणी असा ठेवा, की तो दोन वेगळ्या रंगांसारखा दिसावा. दुसरे याच्या उलट : दोन वेगळे रंग असे ठेवा, की ते एकच वाटावेत. पुढे १९६३ मध्ये येल विद्यापीठाने रंगांच्या परस्परसंबंधावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील पुष्कळसे नमुने विद्यार्थ्यांनीच केलेले होते.

४

मुलीने त्याच संध्याकाळी वाडा आणि झोपडी सोडून दिली. तिने आल्बर्सचे पहिले कोडे घेतले.

प्रथम तिने पतंगाच्या दुकानातून, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून आणि खाऊच्या पुड्यांतून हिरवे कागद गोळा केले. दप्तरातली कांडी काढून ती प्रत्येक कागदावर ठेवून पाहिली आणि रेशमाशी सर्वांत अधिक जुळणारा कागद निवडला. त्याची दोन मोठी पाने कापून एक पिवळ्या कागदावर व एक निळ्या कागदावर ठेवले. काहीच घडले नाही. दोन्ही पाने सारखीच दिसली.

ती रडकुंडीला आली. पण पैठणीवरची पाने आठवताच चूक तिच्या ध्यानात आली. ती पाने बोटाच्या पेराहून लहान होती आणि त्यांच्या चहूकडे रंगाचे केवढे मोठे पटांगण होते! तिने पाने लहान केली, भोवतीचा रंग वाढविला. आता थोडा फरक दिसला. मग तिने पिवळा कागद अधिक उजळ घेतला आणि निळा अधिक गडद. अगदी भडक हिरवा कागद घेतला, तर तो शेजाऱ्याला दाद देत नाही. मध्यम, शांत हिरवा चटकन बदलतो, हेही तिला करून पाहिल्यावरच कळले. चार रात्री असे कागद कापले आणि टाकले. पाचव्या रात्री तिने कागद दिव्याजवळ धरला, तेव्हा आई चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "अगं, ही तर आपलीच पाने!"

पिवळ्यावरचे पान गर्द आणि निळसर दिसत होते. निळ्यावरचे फिके आणि पिवळट.

"पण हे दोन वेगळे कागद नाहीत, हे लोकांना कसे पटणार?" वडिलांनी विचारले.

हा प्रश्न खरा होता. पाने दोन होती, तोवर कोणीही शंका घेऊ शकला असता. मुलीने बराच विचार केला. मग त्याच हिरव्या कागदातून तिने एक अखंड वेल कापली. वेलीला दोन देठ, दोन देठांना दोन पाने. कोठेही जोड नाही. वेलीचा बुंधा खाली पांढऱ्या समासात होता. तेथून एक देठ पिवळ्या रंगावर चढला होता आणि दुसरा निळ्यावर. बुंध्याशी बोट ठेवून वर जावे, तर एकच हिरवा रंग चालता चालता दोन रंगांचा होई. आणि बोट पुन्हा खाली आणावे, तर तो पुन्हा एकच होई.

नंतर तिने एक जाड करडी पट्टी घेऊन तिला तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन खिडक्या पाडल्या. पट्टी चित्रावर ठेवली, की दोन खिडक्यांतून दोन पानांचा रंग तेवढा दिसे. शेजारचे पिवळे आणि निळे झाकले जाई.

५

सोमवारी वडिलांबरोबर तीही पेढीवर गेली. शेठजींनी पैठण्या बाहेर काढल्या. वडिलांनी एकीची कड दुसरीवर अशी घातली, की पिवळीवरील एक पान निळीवरील एका पानाजवळ आले. मुलीने पट्टी त्यांच्यावर ठेवली. दोन्ही खिडक्यांत एकच हिरवा रंग होता.

शेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पट्टी उचलली, पाने वेगळी झाली. पट्टी ठेवली; पाने एक झाली. मग त्यांनी आपल्या हाताने दुसरी दोन पाने निवडून पाहिली, नंतर आणखी दोन. मुनीमजींना बोलावून त्यांनाही पाहावयास सांगितले.

"माझे डोळे खोटे नव्हते," शेठजी हळूच म्हणाले.

"नाहीत, शेठजी," विणकर म्हणाला. "माझ्या डोळ्यांनाही तसेच दिसले होते. डोळ्यांनी पाने पाहिली. शेजार पाहिला नाही."

"बाळ, हे तुला कोणी शिकविले?" शेठजींनी विचारले. मुलीने बाईंचे नाव सांगितले आणि आपले चित्र पुढे केले. शेठजी वेलीवरून बोट फिरवीत राहिले. मग त्यांनी मुनीमजींना थांबविलेली मजुरी आणावयास सांगितले आणि विणकरापुढे हात जोडले. त्यांच्या तोंडून क्षमेचे शब्द निघाले, ते थोडे अडखळतच निघाले.

परंतु एक अडचण शिल्लक होतीच. शेठजी म्हणाले, "लबाडी नाही, हे मला पटले. पण गिऱ्हाईक काही लग्नात पट्टी घेऊन बसणार नाही. त्याला पाने सारखी दिसावयास हवीत."

विणकर क्षणभर विचार करून म्हणाला, "तर मग उलट करावे लागेल. निळ्या पैठणीसाठी हिरवे रेशीम किंचित गडद आणि निळसर घ्यावयाचे. तुकडा विणून शेजारी ठेवून पाहतो. सारखे दिसावे म्हणून वेगळे वापरावयाचे!"

मुलगी वडिलांकडे पाहतच राहिली. आल्बर्सने विद्यार्थ्यांना घातलेले दुसरे कोडे तिने घरी सांगितलेच नव्हते.

प्रदर्शनाच्या दिवशी ते चित्र शाळेच्या दालनात लागले. कोणीतरी ते एका भडक तांबड्या चित्राला खेटून टांगले होते. बाईंनी ते पाहताच मध्ये हातभर पांढरी भिंत सोडून ते दूर लावले. कारण शेजाराचे चित्र झाले तरी त्यालाही शेजार असतोच. खाली नाव लिहिले होते : 'एकच लड'. चित्राजवळ दोऱ्याने ती खिडक्यांची पट्टी बांधलेली होती.

दुपारी तिसरीतला एक मुलगा बराच वेळ चित्रापुढे उभा राहिला आणि ठासून म्हणाला, "ही दोन पाने वेगळ्या कागदांची आहेत. मला स्पष्ट दिसते आहे!"

विणकराच्या मुलीने त्याला खोटे ठरविले नाही. तिने पट्टी त्याच्या हातात दिली आणि ती बाजूला सरून उभी राहिली.

स्वाध्याय

१. बाईंनी शेजाराच्या कलाकृतीसाठी कोणती अट घातली? मुलीच्या चित्राने ती कशी पूर्ण केली?

२. शेठजी आणि विणकर दोघेही खरे बोलत होते, तरी त्यांच्यात तंटा का उत्पन्न झाला?

३. गोब्लँच्या काळ्या रंगाविषयीची तक्रार खरी की खोटी, हे ठरविण्यासाठी शेव्रलने काय काय केले, ते क्रमाने लिहा.

४. कारणे द्या : (अ) चंद्र रात्री शुभ्र दिसतो. (आ) आल्बर्स विद्यार्थ्यांना रंगांऐवजी रंगीत कागद देई. (इ) मुलीच्या पहिल्या प्रयत्नात पानांचा रंग बदललेला दिसला नाही.

५. 'सारखे दिसावे म्हणून वेगळे वापरावयाचे!' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

६. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण माणसांच्या बाबतीत केव्हा वापरतात? एक प्रसंग लिहा.

उपक्रम : एकाच मध्यम रंगाच्या कागदाचे दोन लहान तुकडे कापा. निरनिराळ्या रंगांच्या मोठ्या कागदांवर ते ठेवून पाहा. ज्या दोन शेजाऱ्यांजवळ ते सर्वांत अधिक वेगळे दिसतील, ते शेजारी निवडून एक कलाकृती तयार करा. दोन्ही तुकडे एकच आहेत, हे पाहणाऱ्याला पटविण्याची युक्तीही चित्रातच योजा.